टीव्हीवर जुळवलेला मुलींचा बँड: ऑडिशनला जाण्याआधी

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी १९ वर्षांची, शास्त्रीय गायनात विशारदपर्यंत शिकलेली. मुलींचा नवा पॉप बँड उभा करणाऱ्या रिॲलिटी शोच्या ऑडिशनला जायचं म्हणते. असे बँड टिकतात का, तिनं तयारी काय करावी, आणि निवड झालीच तर सही करताना काय बघावं? बाहेरच्या देशांतल्या अशा शोंचं काय, असंही मुलगी विचारते.

मी मुंबईत व्होकल अरेंजिंग करते. गाण्यात मुख्य आवाजामागे जे दोन-चार आवाज ऐकू येतात, ते कुणी, कोणत्या सुरात आणि कोणत्या शब्दावर गायचे हे ठरवायचं, गायकांना बसवून द्यायचं, रेकॉर्डिंगला उभं राहायचं. टीव्हीच्या ग्रुप राउंडसाठीही हे काम केलंय. त्यामुळे उत्तर गाण्याच्या अंगानं जास्त येईल. ग्लॅमरबद्दल विचारायचं असेल तर दुसरी माणसं आहेत.

टिकतात का? बहुतेक नाही. हा सगळा प्रकार ज्या कार्यक्रमापासून जगभर पसरला तो न्यूझीलंडचा ‘पॉपस्टार्स’, १९९९चा. त्यातून ट्रूब्लिस हा पाच मुलींचा बँड निघाला. पहिलंच गाणं तिथल्या खपाच्या यादीत पहिलं आलं आणि पुढच्याच वर्षी बँड आटोपला. कार्यक्रमाचा साचा मात्र देशोदेशी विकला गेला. ऑस्ट्रेलियात २००० साली बार्डो, जर्मनीत नो एंजल्स, अमेरिकेत २००१ साली ईडन्स क्रश. बार्डो २००२मध्ये संपला. नो एंजल्सचं पहिलं गाणं जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड तिन्हीकडे पहिलं आलं होतं, तरी २००३मध्ये त्याही थांबल्या. पुन्हा एकत्र आल्या त्या बऱ्याच नंतर. ईडन्स क्रशमधलं आज लोकांना आठवणारं नाव एकच, निकोल शेर्झिंगर, आणि तेही पुढे तिनं दुसऱ्या गटात जाऊन केलेल्या कामामुळे.

हे वारंवार का होतं? प्रेक्षकाला सवय लागलेली असते ती दर आठवड्याच्या गोष्टीची. कोण रडलं, कोण घरी गेलं, कुणाची आई स्टेजवर आली. पहिलं गाणं त्या गोष्टीच्या जोरावर विकलं जातं. दुसऱ्या गाण्याच्या वेळी गोष्ट संपलेली असते, चॅनेल पुढच्या सीझनच्या तयारीला लागलेलं असतं, आणि आता गाणं स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. त्या वेळी गाणी करणारं कुणी आहे का, यावर सगळं ठरतं. अशा शोकडे बघताना मी परीक्षक कोण हे बघतच नाही. फिनालेनंतर गाणी कोण करणार आहे, एवढंच विचारते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रिटनचं गर्ल्स अलाउड. २००२मध्ये आयटीव्ही वाहिनीवर ‘पॉपस्टार्स : द रायव्हल्स’ झाला. एक मुलांचा बँड, एक मुलींचा, आणि नाताळात पहिल्या क्रमांकावर कोण जातं याची शर्यत. ३० नोव्हेंबरला प्रेक्षकांच्या मतांनी पाच मुली ठरल्या, १६ डिसेंबरला त्यांचं ‘साउंड ऑफ द अंडरग्राउंड’ बाजारात आलं आणि चार आठवडे पहिलं राहिलं. दोन आठवड्यांत असं गाणं होत नाही. ते आधीच तयार होतं. केंट परगण्यात बसून काम करणाऱ्या झेनोमेनिया या लेखक-निर्मात्यांच्या चमूनं केलेलं, आणि आधी दुसऱ्याच एका मुलींच्या गटानं गायलेलं. महत्त्वाचं हे, की तोच चमू पुढे वर्षानुवर्षं या पाच जणींसोबत राहिला. परिणाम? ब्रिटनच्या पहिल्या दहांत सलग २० गाणी.

ब्रायन हिगिन्स आणि मिरांडा कूपर यांच्या त्या चमूची पद्धत आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं अभ्यासावी अशी आहे. एका गाण्याचे अनेक तुकडे करायचे, मुलींकडून वेगवेगळे गाऊन घ्यायचे आणि मग जुळवायचे. २००५चं ‘बायॉलॉजी’ ऐका. मुखडा कुठे आहे हेच बराच वेळ कळत नाही, एकामागून एक नवेच भाग येत राहतात. या रचनेत पाच जणींना पाच जागा मिळतात. नदीन कॉइलचा आवाज लांबवर फेकता येणारा, सेरा हार्डिंगचा खरखरीत, रॉककडे झुकणारा. दोघींना एकच ओळ आलटून पालटून दिली असती तर एक जण नक्की फिकी पडली असती. आणखी एक गोष्ट, तुमच्या मुलीला मुद्दाम सांगा. या पाचांतल्या निकोला रॉबर्ट्स आणि किंबर्ली वॉल्श सुरुवातीला शेवटच्या दहांत नव्हत्याच. निवडलेल्या दोघी बाहेर पडल्या म्हणून या परत आल्या.

आपल्याकडचं उदाहरण अर्थातच व्हिवा. २००२मध्ये चॅनेल व्हीवर ‘कोक व्ही पॉपस्टार्स’ झाला. सीमा रामचंदानी, प्रतीची मोहापात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा निवडल्या गेल्या. त्या वर्षी कॉलेजात असणाऱ्या कुणालाही ‘हम नये गीत सुनाएं’ची ओळ आजही येते. महुआ लवकर बाहेर पडली, दुसरा अल्बम चौघींनी २००३मध्ये केला, आणि २००५पर्यंत बँड संपला. चॅनेलनं लगेच दुसऱ्या सीझनमधून दोन मुली आणि दोन मुलगे घेऊन आस्मा काढला होता. तोही फार काळ चालला नाही.

मुली कमी पडल्या, असं तेव्हा म्हणणारे होते. मला ते अजिबात पटत नाही. नेहा भसीननं पुढे ‘फॅशन’मधलं ‘कुछ खास है’ गायलं, आस्मामधली नीती मोहन ‘जिया रे’पर्यंत पोचली. आवाज अस्सलच होते. बाजार बदलला. त्याच सुमाराला खासगी अल्बमचा धंदा बसत चालला होता. कॅसेट संपत होती, एमपीथ्रीच्या सीडी फूटपाथवर मिळत होत्या, आणि संगीत वाहिन्यांचा वेळ सिनेमाच्या गाण्यांनी भरत होता, कारण सिनेमावाल्यांकडे प्रसिद्धीचा पैसा होता. मुलींच्या बँडला सिनेमात काय काम? पार्श्वगायनाला एक आवाज लागतो, नायिका एकच असते. त्यामुळे व्हिवातल्या मुलींना पुढे जाण्याचा मार्ग एकेकटीनं जाण्याचाच होता. हे आजही पुरतं बदललेलं नाही. २०२४मध्ये संगीतकार मिकी मॅक्लिअरी यांनी उभा केलेला विश हा चौघींचा गट आला, ‘लझीझ’ हे पहिलं गाणं. व्हिवाला २० वर्षं उलटून गेल्यावर. मधल्या काळात आपल्याकडे गाणाऱ्या मुलींची कमतरता होती असं कोण म्हणेल?

आता तयारी. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

सगळ्यांना वाटतं अडचण नाचाची येईल. तुमच्या मुलीला अडचण येईल ती गाण्याचीच. विशारद झालेल्या मुलीची सगळी तालीम एकटीनं गाण्याची असते. तानपुरा तिच्या षड्जाला लावलेला, पेटीवाला तिच्या मागून येणारा, तबलजीचं लक्ष तिच्याकडे. बँडमध्ये बहुतेक वेळ तिनं दुसरीच्या मागून जायचं असतं, आणि तेही दुसऱ्याच सुरात. मुख्य गाणारी ‘सा रे ग म’ जात असेल तर हिनं ‘ग म प ध’ जायचं. कागदावर सोपं. प्रत्यक्षात चांगल्या तयार मुलीसुद्धा दुसऱ्या ओळीपर्यंत घसरून मूळ चालीवर येतात, कारण आयुष्यभर कानांनी चालच पकडलेली असते.

आपल्या रिॲलिटी शोंनीही एकट्याचं गाणंच घडवलं. झी मराठीच्या २००९च्या लिटल चॅम्प्समधले पाच जण आठवतात ना? कार्तिकी, प्रथमेश, आर्या, मुग्धा, रोहित. महाराष्ट्रानं त्यांना ‘पंचरत्न’ म्हटलं, पुढे ते परीक्षक म्हणूनही एकत्र बसले. पण तो कधी बँड नव्हता आणि होणारही नव्हता. पाच घराण्यांचे वाटावेत इतके वेगळे पाच गायक होते ते, आणि त्यातच त्यांची गंमत होती. मुग्धा आणि प्रथमेश शेजारी उभे राहिले तरी दोघांचा ‘आ’ एक होत नाही, व्हायची गरजही नाही. बँडमध्ये नेमकी तीच गरज असते.

‘आ’ एक होणं म्हणजे काय? पाच जणींनी एकच शब्द लांबवला आणि प्रत्येकीचं तोंड वेगळं उघडलं, तर सूर बरोबर असूनही ते बेसूर वाटतं. शास्त्रीय गायनातला ‘आ’ मोठा, खुला. पॉपमध्ये तो बराच आवळलेला असतो. मी पहिल्या दिवशी गाणं शिकवतच नाही, स्वर जुळवून घेते, सुराचे नव्हे, अ-आ-इ-ईचे. मग शब्दाचा शेवट. ओळ ‘स’ किंवा ‘च’वर संपत असेल तर पाच जणींचा तो आवाज पाच वेगवेगळ्या क्षणी येतो आणि माइकवर साप फिरल्यासारखं होतं. उपाय जुना आहे: शेवटचा ‘स’ एकीनंच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा. श्वासही आळीपाळीनं घ्यायचा, म्हणजे ओळ तुटत नाही. आणि हरकत, म्हणजे गळ्याची छोटी फिरत, मुळीच घ्यायची नाही. एकीची हरकत देखणी वाटते, तीच पाच जणींनी जरा पुढेमागे घेतली की चिखल होतो. ज्या मुलीचा गळा फिरतो तिला हे सांगणं म्हणजे तिच्या हातातलं खेळणं काढून घेणं, आणि ती रुसते. रुसू दे.

गंधाराचीही, म्हणजे ‘ग’ची, एक भानगड आहे. तानपुऱ्यावर तयार झालेल्या मुलीचा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. तिचा बरोबरच असतो, निसर्गाला धरून असतो. कीबोर्डचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं, त्यामुळे त्याचा गंधार थोडा चढा. पण ट्रॅक कीबोर्डवर बनलेला असतो. मग हेडफोन लावलेला रेकॉर्डिस्ट म्हणतो, ‘जरा उतरतंय’, आणि मुलगी गोंधळते, कारण गुरुजींनी हाच गंधार वाखाणलेला असतो. तिला आधीच सांगून ठेवा. घरी कीबोर्डवर नुसता ‘सा’ आणि ‘ग’ दाबून त्यात आवाज मिसळायची सवय केली तर महिनाभरात कान दोन्हीकडे चालायला लागतो.

पट्टीचं, म्हणजे ‘सा’ कुठे धरायचा याचं म्हणाल तर ती पेटीवरच्या काळी चार किंवा पाचमध्ये गात असेल. बँडच्या गाण्याची पट्टी मात्र गाण्याची असते, कुणा एकीची नसते, आणि त्यात कुणाला तरी खाली जावं लागतं. ऑडिशनला आलेली जवळपास प्रत्येक मुलगी तार सप्तक दाखवते. खालचा पंचम भरून लावणारी सापडली की आमच्यासारखी माणसं खुर्चीत सरळ बसतात, कारण तिच्याशिवाय बाकीच्या आवाजांना जमीन नसते. तिचा खालचा आवाज चांगला असेल तर दुसरं गाणं मुद्दाम तसं निवडा.

सराव असा करा. ओळखीच्या गाण्याची मूळ चाल फोनवर तिच्याच आवाजात रेकॉर्ड करायची, एका कानात लावायची, आणि वरचा सूर धरून संपूर्ण अंतरा गायचा. मग खालचा. मग चालता-चालता, जिने चढता-चढता, कारण स्टेजवर नाचताना श्वास तेवढाच उरतो. मैत्रीण मिळाली तर उत्तम. दोघींनी दर ओळीला जागा बदलायच्या. नाचाचा क्लास लावायला हरकत नाही, पण शोला नर्तकी नको असते. पावलं लवकर उचलणारी आणि दमल्यावर सूर न सोडणारी मुलगी हवी असते.

ऑडिशनबद्दल थोडक्यात. पहिल्या फेरीत प्रसिद्ध परीक्षक सहसा नसतात; निर्मितीकडची माणसं असतात आणि त्यांच्याकडे वेळ नसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात आवाजाचा रंग कळला पाहिजे, म्हणून आलाप लावून सुरुवात करू नका. मग कॅमेऱ्यासमोर घरच्या परिस्थितीबद्दल विचारतील. ही विचारपूस नसते, कथेसाठी माल गोळा होत असतो. काय सांगायचं आणि काय घरातच ठेवायचं हे निघण्यापूर्वी तिच्याशी बोलून ठरवा. एकदा बाईट दिला की तो कापून कुठे जोडायचा हे त्यांच्या हातात. खरी परीक्षा ग्रुप राउंडची. अनोळखी तिघी-चौघींना रात्रीतून गाणं बसवायला सांगतात, आणि तिथं भांडण झालं तर टीव्हीला हवंच असतं. अमेरिकेत एमटीव्हीच्या ‘मेकिंग द बँड’मधून डॅनिटी केन हा मुलींचा बँड निघाला, २००६चा पहिला अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट पहिला आला, आणि २००८मध्ये दोघींना काढून टाकलं तेसुद्धा कार्यक्रमातच, कॅमेऱ्यासमोर. प्रेक्षकांच्या मतांवरही फार विसंबू नये. कोरियात गट निवडणाऱ्या ‘प्रोड्यूस’ मालिकेत मतांमध्ये फेरफार झाल्याचं सिद्ध झालं आणि तिच्या निर्मात्याला २०२०मध्ये दोन वर्षांची कैद झाली. बाहेर पडलेल्या मुलीला वाटत राहतं, लोकांना मी आवडले नाही. ते खरं असेलच असं नाही.

उलट हरलेल्यांचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९९७मध्ये जपानच्या ‘असायान’ कार्यक्रमात एका रॉक गायिकेचा शोध चालू होता. हरलेल्या पाच जणींना सांगितलं गेलं: पाच दिवसांत स्वतः हिंडून ५०,००० सीडी विका, मग बघू. त्यांनी विकल्या. तोच मॉर्निंग मुसुमे, सदस्य बदलत-बदलत आजही चालू असलेला. तिथं गट मुळातच असा रचला की जुन्या मुली निघतात, नव्या येतात, आणि नाव चालू राहतं.

नावावरून करारावर येते. ध्यानात ठेवा, करार जिंकल्यावर समोर येत नाही. शेवटच्या टप्प्यात पोचलेल्या सगळ्यांकडून आधीच सही घेण्याची पद्धत आहे, कारण निकाल लागल्यावर मुलगी घासाघीस करू शकते. ‘उद्या शूट आहे, आज सही करा’ असं म्हणाले तर शांतपणे एक दिवस मागा. मनोरंजन क्षेत्रातले करार बघणारा वकील गाठा. घरचा जमिनीच्या दाव्यांचा वकील कितीही हुशार असला तरी इथं उपयोगाचा नाही.

बघायच्या गोष्टी: मुदत किती, आणि ती वाढवायचा अधिकार एकट्या कंपनीचा आहे का. मुदतीत तिला सिनेमाचं, जाहिरातीचं, स्वतःच्या यूट्यूबचं गाणं गाता येईल का. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच कलमानं होतं, कारण बँड थंडावतो आणि मुलगी बांधलेलीच राहते. इतके महिने एकही गाणं निघालं नाही तर करार आपोआप सुटेल, असं कलम मागून घ्या. बँडचं नाव कंपनीचं असणार, त्याला इलाज नाही. पण तिचं स्वतःचं नाव आणि सोशल मीडियावरचं खातं तिचंच राहिलं पाहिजे. व्हिडिओ, कपडे, नृत्यदिग्दर्शक, प्रवास यांतला कोणता खर्च तिच्या वाट्यातून आधी वळता होणार आहे, हे लिहून घ्या. गाणं गाजूनही हातात काही न येण्याचं कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं. दरमहा ठरावीक रक्कम मिळणार आहे का तेही विचारा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

कायदा तुमच्या बाजूनं अगदीच नाही असं नाही. करार संपल्यावरही अमुक वर्षं कुठंच गायचं नाही अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७पुढे सहसा टिकत नाही. मुदत चालू असतानाची बंधनं मात्र टिकतात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गायकालाही आपल्या गायनाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क आहे, आणि २०१३पासून त्यासाठी गायकांची संस्था आहे, आधीची इस्रा, आताची इसाम्रा. गाणं लिहिण्यात किंवा चालीत तिचा हात असेल तर श्रेय कागदावर यायला हवं. स्टुडिओत ‘तूच सुचवलंस की ही ओळ’ असं कौतुक होतं, नंतर नाव कुठेच नसतं. आणि ऑडिशनसाठी किंवा ‘ग्रूमिंग’साठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत या.

शेवटचं, बाहेरच्या देशांचं तिनं विचारलंय असं तुम्ही लिहिलंत. हे आता स्वप्नरंजन राहिलेलं नाही. राउरकेल्याची श्रिया लेंका ऑनलाइन ऑडिशनमधून २०२२मध्ये कोरियाच्या ब्लॅकस्वान या मुलींच्या गटात गेली. २०२३च्या ‘ड्रीम अकॅडमी’ या शोसाठी १,२०,००० अर्ज आले होते, त्यातून २० मुली घेतल्या आणि सहा जणींचा कॅट्साय झाला, त्यातली लारा राज तमिळ वंशाची अमेरिकन. पण त्या वाटेवर टीव्हीवर दिसायच्या आधीच एक-दोन वर्षांचं दिवसभराचं प्रशिक्षण असतं, कॉलेज सुटतं, आणि निवड होईलच याची खात्री नसते. १९व्या वर्षी तिथल्या हिशेबानं ती लहानही नाही. इथल्या ऑडिशनला मात्र खुशाल जाऊ दे. वर्षाची परीक्षा आणि शूटच्या तारखा तेवढ्या आधी ताडून बघा, आणि वरचा सूर धरायचा सराव आजपासून सुरू करायला सांगा. शो मिळाला नाही तरी कोरस आणि बॅकिंगचं काम करणाऱ्या, दुसऱ्या आवाजाला धरून गाणाऱ्या मुली मुंबईत कायम हव्याच असतात. त्या कामाचे पैसेही वेळेवर मिळतात, निदान माझ्या ओळखीच्या स्टुडिओंत तरी.